सकाळी बोटं आखडतात त्याचा दोष वयाला देऊ नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरची आरोग्य पुरवणी मी नियमित वाचते. शुगर, बीपी, हार्ट अटॅक, पावसाळा आला की डेंग्यू, हे सगळं त्यात येतं आणि यायलाच हवं. पण सांधेदुखीवर काही आलं की फोटो असतो पांढऱ्या केसांच्या आजींचा, गुडघ्यावर हात ठेवलेला, आणि खाली वजन कमी करा, जिने टाळा, मेथीचे लाडू खा असा सल्ला. ते चुकीचं आहे असं नाही म्हणत मी, पण तो झिजेचा संधिवात झाला. दुसरा एक असतो जो तिशी-चाळिशीत, भर कामाच्या वयात येतो, बायकांना पुरुषांच्या दोन-तीन पट जास्त होतो, आणि वेळेत ओळखला नाही तर हाताची बोटं कायमची वाकडी करून ठेवतो. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, आमच्याकडे बरेच जण आमवात म्हणतात. मला तो बरीच वर्षं आहे, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, आजही रोज वर्गावर जाते, आणि या आजाराबद्दल आपल्या वाचकांना थोडं सविस्तर सांगावं म्हणून हे पत्र लिहितेय. मोठं झालंय, कापायचं असेल तर कापा पण मधला, बाजारात मिळणाऱ्या सांधेदुखीच्या पुड्यांचा भाग कृपा करून कापू नका.

हा आजार झिजेचा नाहीच मुळी. आपल्या शरीराची जी संरक्षण यंत्रणा जंतूंशी लढते तीच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते, तिथे सूज येते, आणि ती सूज महिनोनमहिने राहिली की कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) आणि हाड खायला लागते. म्हणजे नुसतं दुखणं सहन केलं तर आत नुकसान चालूच राहतं, आणि झालेलं नुकसान मागे फिरत नाही. म्हणून लवकर ओळखणं याला इतकं महत्त्व आहे. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत योग्य औषध सुरू झालं तर सांधे वाचण्याची शक्यता खूप वाढते हे आता जगभरातले डॉक्टर सांगतात. आणि आपल्याकडे हे पहिले सहा महिने जातात कशात, तर मालिशच्या तेलात, मेडिकलमधून आणलेल्या पेनकिलरमध्ये, आणि "कॅल्शियम कमी झालं असेल" मध्ये.

ओळखायचं कसं ते सांगते, कारण हे कुणीही घरी बसून बघू शकतं. सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली असतात, मूठ वळत नाही, आणि हे पाच-दहा मिनिटांत जात नाही, अर्धा तास, तास, कुणाला दोन तास लागतात मोकळं व्हायला. झिजेच्या संधिवातात उलट असतं, सकाळी थोडं जड वाटतं मग लगेच सुटतं आणि संध्याकाळी काम करून करून दुखतं. इथे मात्र हालचाल केली की बरं वाटतं आणि बसून राहिलं की परत आखडतं. दुसरं म्हणजे छोटे सांधे धरतात, बोटांची मुळं, मधली पेरं, मनगटं, पायाच्या चवड्याखालचा भाग, चप्पल न घालता फरशीवर पाय टाकला की खडे टोचल्यासारखं होतं. नखाजवळचं शेवटचं पेर बहुतेक वेळा वाचतं. आणि दोन्ही हात, दोन्ही पाय, एकाच बाजूला नाही. कुणी हात हातात घेऊन जरा दाबला तरी कळ येते. याच्या जोडीला थकवा, म्हणजे झोपून उठलं तरी न गेलेला थकवा, कधी बारीक ताप, भूक नाही, वजन उतरतं. हे सहा आठवड्यांच्या वर टिकलं तर ते "होईल बरं" मधलं राहिलं नाही असं समजावं.

माझ्या बाबतीत पहिल्यांदा कासाराच्या दुकानात लक्षात आलं. चुलत बहिणीच्या मुलीचं लग्न होतं, हिरवा चुडा भरायला बसले, नेहमीच्याच मापाची बांगडी आणि ती हाताच्या पंजावर येऊन अडकली, कासारणीने साबण लावला, अंगठा आत दुमडायला सांगितला, तर अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ गेली की डोळ्यात पाणी आलं. ती बाई दोन्ही हात समोर धरून बघत बसली आणि म्हणाली, "ताई, हे जाड झालेलं नाही, सुजलंय, दोन्हीकडं सारखं सुजलंय, दाखवा कुणाला तरी." दिवसभर बायकांचे हात हातात घेणाऱ्या त्या बाईला जे कळलं ते घरात कुणाला कळलं नव्हतं. त्यांच्यामुळे मी वेळेत डॉक्टरांकडे गेले आणि आज माझी दहाही बोटं सरळ आहेत, याबद्दल मी त्यांची कायम ऋणी आहे.

तपासण्यांबद्दलही गोंधळ खूप आहे म्हणून लिहिते. सांधे दुखतात म्हटलं की यूरिक अॅसिड आणि एएसओ टायटर या दोन टेस्ट सर्रास करून घेतल्या जातात, त्यातलं काहीतरी थोडं वर आलं की डाळी बंद करतात आणि खरा आजार तसाच राहतो. या आजारासाठी आरए फॅक्टर, अँटी सीसीपी या रक्ततपासण्या, आणि सूज किती आहे हे बघायला ईएसआर आणि सीआरपी लागतात. त्यातही आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणजे सुटलो असं नसतं, साधारण चार-पाच जणांत एकाचा तो निगेटिव्ह येतो आणि तरी आजार असतो, आणि उलट काही धडधाकट माणसांचाही पॉझिटिव्ह येतो. सुरुवातीला एक्स-रेमध्येही काही दिसत नाही. म्हणून रिपोर्टपेक्षा हात तपासणारा डॉक्टर महत्त्वाचा, आणि शक्य असेल तर रुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाताचे तज्ज्ञ. ते बहुतेक मोठ्या शहरांतच आहेत ही खरी अडचण आहे, आमच्या भागातून एसटीने पुण्याला जायचं म्हणजे एक पूर्ण दिवस, एक रजा आणि सोबत एक माणूस. पण किमान एकदा जाऊन निदान पक्कं करून औषध ठरवून आणलं की पुढची रक्ततपासणी आणि देखरेख गावाजवळचे एमडी डॉक्टर करू शकतात, माझं बरीच वर्षं असंच चाललंय.

आजार फक्त शहरी बायकांचा आहे असंही कुणी समजू नये. उजनीच्या काठावर भिगवण आहे ना, जिथे आपण फ्लेमिंगो बघायला आणि मासे खायला जातो, त्या गावात १९९६ पासून पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड उपक्रमाखाली घरोघरी जाऊन सांधेदुखीचं सर्वेक्षण झालं, आणि तो अभ्यास जगभर दाखल्यासाठी वापरला जातो. त्यात रुमॅटॉइडचं प्रमाण प्रौढ माणसांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघालं. म्हणजे दोनशे मोठ्या माणसांमागे एक. आपल्या गावात दोन हजार मतदार असतील तर दहा घरं धरून चाला. हे काम आपल्याच भागातल्या माणसांवर झालेलं आहे आणि तरी आपल्याच लोकांना माहिती नाही याचं मला फार वाईट वाटतं.

आता बाळंतपणाचं. हा भाग विशेषतः सासवांनी आणि आयांनी वाचावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. या आजारात एक वेगळीच गोष्ट होते, गरोदरपणात बऱ्याच जणींचं दुखणं आपोआप कमी होतं आणि बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत उसळतं, कित्येकींना तर तो पहिल्यांदा तेव्हाच सुरू होतो. आणि आपल्याकडे बाळंतिणीचे हातपाय दुखले की सगळ्यांचं उत्तर तयार असतं, वारं लागलं, गार पाण्यात हात घातला, कानाला बांधलं नाही, शेक-शेगडी नीट झाली नाही. म्हणजे एक तर दुखतंय आणि वरून तिचीच चूक. माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई, तेव्हा तिशीही झाली नसेल, धाकट्याच्या वेळी तिचं असंच झालं. लेकराला उचलून पाजायला घेता येईना, लंगोटाची गाठ सुटेना, आणि घरात सगळे म्हणत होते बाळंतवात आहे, सव्वा महिन्यात नीट काळजी घेतली नाही त्याचं हे. तिला कुणीतरी बाजाराच्या दिवशी बसणाऱ्या एका माणसाकडे नेलं, त्याने पुड्या दिल्या, आणि तीन दिवसांत ती उठून भाकरी थापायला लागली.

हीच ती पुडी जिच्याबद्दल मी वर म्हटलं. संपादक महोदय, आपल्या जिल्ह्यात, शेजारच्या जिल्ह्यात, कुठल्याही आठवडे बाजारात, एसटी स्टँडच्या बाहेर, कुणाच्या तरी घराच्या ओट्यावर, सांधेदुखीवर रामबाण म्हणून बिनलेबलच्या पुड्या आणि काळ्या गोळ्या मिळतात, आणि त्यातल्या कित्येकांत स्टेरॉइड कुटून मिसळलेलं असतं हे डॉक्टर वर्षानुवर्षं सांगतायत. बरं वाटतंच, वाटणारच. स्टेरॉइडचा औषध म्हणून गुणच मुळी या आजारावर काम करताना कळला, १९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या रुमॅटॉइडच्या पेशंट बाईला कॉर्टिझोन दिलं आणि ती काही दिवसांत चालायला लागली, त्याबद्दल १९५० चं नोबेल मिळालं त्यांना. आणि त्यांना हे सुचलं त्यामागचा एक धागा होता गरोदरपणात या बायकांचं दुखणं का कमी होतं हा प्रश्न, जी गोष्ट आपल्या घराघरात घडते तीच. पण लगेच पुढे हेही कळलं की हे औषध मोठ्या डोसमध्ये सतत घेतलं तर शरीर पोखरतं. डॉक्टर आजही देतात ते, थोडं, थोडे दिवस, मुख्य औषध लागू होईपर्यंत, आणि हळूहळू कमी करत बंद करतात. पुडीत किती आहे ते देणाऱ्यालाही माहीत नसतं. माझ्या वर्गातल्या त्या मुलाच्या आईचा चेहरा चंद्रासारखा गोल झाला, घरचे म्हणाले तब्येत सुधारली. मग शुगर वाढली, मग एकदा पुडीवाला दोन बाजार आला नाही तर ती अशी गळून गेली, उलट्या, चक्कर, बीपी लागेना, की अॅडमिट करावी लागली. स्टेरॉइड अचानक तुटलं की असं जिवावर बेतू शकतं. खुब्याचं हाड मरून खुबा बदलावा लागलेली तरुण माणसंही मी डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये पाहिलीत. आज ती बाई रीतसर औषधावर आहे, शिलाई मशीन चालवते, पण तिच्या उजव्या हाताची बोटं करंगळीकडे झुकलीत ती आता सरळ होणार नाहीत.

मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही हे इथेच सांगते, चांगले वैद्य आमच्याकडे आहेत आणि ते चिठ्ठीवर औषधाचं नाव लिहून देतात. ज्यांना घ्यायचंय त्यांनी जरूर घ्यावं पण दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचं सांगून, आणि नाव-घटक न लिहिलेली कुठलीही पुडी तोंडात घालू नये. अन्न व औषध प्रशासनाने बाजाराच्या दिवशी जाऊन यातली पाच-सहा सॅम्पल उचलून तपासावीत आणि निकाल आपल्या पेपरात छापून यावा, एवढी माझी मागणी आहे.

खरं औषध काय असतं याचीही भीती फार पसरलेली आहे. बहुतेकांना पहिलं औषध मेथोट्रेक्सेट देतात. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, ए क दा च. रोज नाही. आमच्या घरात तिला रविवारची गोळी म्हणतात, कॅलेंडरवर खूण केलेली असते आणि पाकीट बाकीच्या गोळ्यांपासून वेगळं, देवघराच्या वरच्या फळीवर असतं. मुद्दाम सांगते कारण चुकून रोज घेतल्यामुळे तोंड येऊन, रक्तपेशी कमी होऊन गंभीर झालेले पेशंट असतात, मेडिकलवाल्यांनीही ही गोळी देताना पाकिटावर वार लिहून द्यावा. जोडीला फॉलिक अॅसिड देतात, सहसा दुसऱ्या दिवशी. दुसरी भीती म्हणजे घरातला कुणीतरी भाचा-पुतण्या मोबाईलवर गोळीचं नाव टाकतो आणि ओरडतो, मावशी ही तर कॅन्सरची गोळी आहे! मोठ्या डोसमध्ये ती कॅन्सरला वापरतात हे खरं आहे, पण सांध्यांसाठी डोस अगदी लहान असतो आणि जगभर हे याच आजाराचं मुख्य औषध आहे, गेली कित्येक दशकं. तिचा परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात आणि नेमकं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लोक म्हणतात फरक नाही आणि सोडून देतात. सोडू नका. दर काही महिन्यांनी रक्त आणि लिव्हरची तपासणी करायची, दारू बंद, मोठा ताप किंवा इन्फेक्शन असेल तर त्या आठवड्याची गोळी घ्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करायचा. आणि मूल हवं असेल तर ही गोळी चालत नाही, आधीच सांगून बदलून घ्यावी लागते, गरोदरपणात चालणारी वेगळी औषधं आहेत. म्हणजे हा आजार असलेल्या मुलीला मूल होऊ शकतं, नीट होऊ शकतं, फक्त ठरवून. हे लिहितेय कारण लग्न जमत नाही म्हणून मुलीचा आजार लपवतात, सासरी गेल्यावर ती लपूनछपून गोळ्या घेते किंवा घेतच नाही, आणि वर्षभरात हात जातात. आईवडिलांनो, उघडपणे सांगा. समजून घेणारी माणसं असतात.

दुसरं नेहमीचं औषध हायड्रॉक्सीक्लोरोक्विन. त्याची एक आठवण अजून जात नाही. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनावर हे चालतं अशी बातमी पसरली, आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधासाठी घ्यायला सांगितलं, आणि धडधाकट लोकांनी पाकिटंच्या पाकिटं घरात भरली. आम्ही जे रोज तेच औषध घेऊन उभे राहतो, आम्हाला मिळेना. आमच्या भागातल्या तीन मेडिकलमध्ये नाही, तालुक्याला नाही, लॉकडाउनमध्ये बाहेर पडता येत नाही, माझे मिस्टर पोलिसांना प्रिस्क्रिप्शन दाखवत फिरत होते. शेवटी एका ओळखीच्या फार्मासिस्टनी अर्धी-अर्धी स्ट्रिप करून त्यांच्या नेहमीच्या पेशंटना वाटली. पुढे कोरोनावर त्याचा उपयोग नाही हे सिद्ध झालं. पुन्हा असं काही आलं तर दीर्घ आजाराच्या लोकांचा साठा आधी बाजूला काढून ठेवावा हे सरकारने आत्ताच कागदावर आणायला हवं. (हे औषध घेणाऱ्यांनी ठरलेल्या काळाने डोळे तपासून घ्यावेत, ते बहुतेक जण विसरतात.)

खाण्याचं थोडक्यात सांगते कारण यावर प्रत्येक जण डॉक्टर असतो. वांगं नको, दही नको, तूरडाळ वातूळ, हरभरा वातूळ, चिंच नको, आंबट नको, केळं नको. मग बाईने खायचं काय, भात आणि मिठाचं पाणी? या आजारात अमुक एक पदार्थ सोडल्याने तो बरा होतो असं काही नाही. ज्याला एखादी गोष्ट खाल्ल्यावर खरंच त्रास होतो त्याने ती टाळावी एवढंच. डाळी-दूध-अंडी बंद करून आधीच हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाया आणखी खंगतात. सिगारेट-बिडी मात्र खरंच वाईट, ती आजार वाढवते आणि औषधाचा गुण कमी करते. हिरड्यांच्या आजाराशीही याचा संबंध असल्याचं तज्ज्ञ सांगतात, म्हणून दात सांभाळा आणि मिश्री सोडा.

आता रोजचं जगणं. मला विचाराल तर औषधाइतकंच महत्त्वाचं हे आहे आणि यावर कुणी बोलत नाही. घरात फार खर्च करून काही करावं लागलं नाही, पण बारीकसारीक बदललं. नळ गोल फिरवायचे होते ते दांडीवाले लावले. लाटण्याच्या दोन्ही मुठींना जुन्या सुती साडीच्या पट्ट्या गुंडाळून जाड केलं, जाड मूठ धरायला बोटं कमी वळावी लागतात, हेच पेनाला, हेच चमच्याला. पातेलं एका हाताने कानाला धरून उचलत नाही, खाली दोन्ही तळवे देऊन उचलते. पिशवी बोटांत नाही, कोपरात किंवा खांद्याला. कपडे पिळणं पूर्ण बंद, नळाला अडकवून पीळ द्यायचीही गरज नाही, निथळू द्यायचे. शाळेत फळ्यावर खडूने लिहिताना खडू चिमटीत धरवत नाही म्हणून प्लॅस्टिकचं होल्डर वापरते, मुलांना त्याची इतकी सवय आहे की होल्डर विसरलं तर एखादी पोरगी पळत ऑफिसातून आणून देते. सकाळी उठल्या उठल्या कोमट पाण्याच्या बादलीत हात, त्यातच मूठ उघड-मीट. कणीक मिस्टर मळतात, लग्नाला आलेल्या पाहुण्यांसमोरही मळतात. दिवाळीची साफसफाई नवरात्रापासून रोज एक कप्पा. आणि व्यायाम सोडायचा नाही, सूज फार असेल त्या दिवशी नुसते सांधे हलवायचे, एरवी चालायचं, फिजिओथेरपिस्टने दाखवलेलं करायचं, नाही तर स्नायू जातात आणि मग सांध्यावर अजून ताण.

पण सगळ्यात अवघड काय आहे सांगू का, आजचा दिवस आणि उद्याचा दिवस सारखा नसतो हे दुसऱ्याला पटवणं. सोमवारी मी दोन मजले चढून जाते, बुधवारी मला ब्लाउजचे हुक लागत नाहीत. बघणारा म्हणतो, परवा तर ठीक होती. प्लास्टर नाही, काठी नाही, चेहऱ्यावर काही दिसत नाही, मग कामाच्या वेळीच कसं दुखतं असं स्टाफरूममध्ये पाठीमागे बोललेलं कानावर येतं. माझ्या सासूबाईंनी एकदा जावेला सांगितलेलं मला आठवतं, "तिचा हात आज मी सकाळी धरून बघितला, तव्यासारखा तापलाय, तिला काही सांगू नको आज." एवढं एक वाक्य घरातल्या मोठ्या माणसाने बोललं की सगळं घर बदलतं. नवऱ्यांनी, मुलांनी, हेडमास्तरांनी एवढंच करावं, विचारावं, आज कसा आहे हात, आणि जे उत्तर येईल ते खरं मानावं. तळमजल्यावरचा वर्ग मिळाला, पर्यवेक्षणाला खुर्ची मिळाली, यात कुणावर उपकार नाहीत, त्या बदल्यात शाळेला अनुभवी शिक्षिका पूर्ण नोकरीभर मिळते.

पैशाचंही बोलायला हवं. हा आयुष्यभराचा खर्च आहे आणि तो सगळा ओपीडीचा आहे, गोळ्या, रक्त तपासणी, प्रवास. मेडिक्लेम बहुतेक वेळा अॅडमिट झालं तरच चालतो, सरकारी योजनांचा भरही दाखल झालेल्या पेशंटच्या उपचारांवर आहे. म्हणजे सांधे वाचवायला जी साधी गोळी लागते ती खिशातून, आणि सांधे गेल्यावर बदलायचं ऑपरेशन मात्र योजनेत. दिव्यांग प्रमाणपत्राचंही तसंच, त्याचे बहुतेक लाभ ४० टक्क्यांपासून पुढे, बोटं वाकडी झाल्यावर कदाचित मिळेल, पण आधीचं दुखणं आणि थकवा कुठल्या टक्क्यात बसवणार. जनऔषधी दुकानात चौकशी करा, यातली नेहमीची औषधं स्वस्त मिळू शकतात. महागडी इंजेक्शनंही आहेत, ज्यांना गोळ्या लागू पडत नाहीत त्यांच्यासाठी, ती सुरू करायच्या आधी टीबीची तपासणी करून घेतात, ती टाळू नका, आपल्याकडे टीबी किती आहे हे सगळ्यांना माहीत आहे.

माझं आरोग्य खात्याला एक सोपं सुचवणं आहे. गावोगावी तिशीच्या पुढच्या सगळ्यांची बीपी, शुगर आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तपासणी होते, आशाताई घरोघरी फॉर्म भरतात. त्या कार्यक्रमात हा आजार नाही. त्याच फेरीत प्रत्येक बाईला आणि माणसाला दोन प्रश्न विचारावेत, सकाळी उठल्यावर बोटं अर्ध्या तासाहून जास्त आखडलेली असतात का, आणि दोन्ही हातांना सूज दिसते का. उत्तर हो आलं तर उपजिल्हा रुग्णालयात पाठवावं, आणि तिथे महिन्यातून एक दिवस तरी मेडिकल कॉलेजचे तज्ज्ञ यावेत. बाळंतिणीच्या घरी तर आशाताई जातातच, तिथे हे विचारायला कितीसा वेळ लागतो. वर्षानुवर्षं "चिकुनगुनियापासून हातपाय धरलेत" म्हणणारेही आपल्याकडे खूप आहेत, २००६ च्या साथीनंतर तर गावंच्या गावं असं म्हणत होती. चिकुनगुनियाची सांधेदुखी महिनोनमहिने राहू शकते, पण त्या नावाखाली कुणाचा रुमॅटॉइड लपलेला नाही ना हे एकदा तपासायला हवं.

आणि आपल्याला एक विनंती. १२ ऑक्टोबर हा जागतिक संधिवात दिन असतो. त्या दिवशी आपल्या पुरवणीचं एक पान या आजाराला द्या, जवळच्या सरकारी रुग्णालयात संधिवाताची ओपीडी कुठे आणि कोणत्या वारी असते ते छापा, आणि फोटो टाकाल तेव्हा आजींच्या गुडघ्याऐवजी एखाद्या तिशीतल्या बाईच्या हातांचा टाका. तो कापून माझ्या शाळेच्या फलकावर आणि गावातल्या कासाराच्या दुकानात लावायची जबाबदारी माझी.

आपली नियमित वाचक,
एक प्राथमिक शिक्षिका, जि. सातारा